सक्तीने बेपत्ता करणे आणि कबुलीजबाब: कायदा काय सांगतो?

व्याख्या: सरकारी यंत्रणेने किंवा तिच्या संमतीने इतर कोणी एखाद्याला पकडले आणि नंतर तो ताब्यात असल्याचे नाकारले किंवा त्याचा ठावठिकाणा दडवला, तर ते ‘सक्तीने बेपत्ता करणे’. रीतसर नोंदवलेली अटक यात मोडत नाही.

सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार
- २० डिसेंबर २००६: संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची मंजुरी.
- ६ फेब्रुवारी २००७: भारताची सही, अनुसमर्थन अद्याप नाही.
- २३ डिसेंबर २०१०: करार लागू.

कबुली कितपत ग्राह्य? गुप्त कोठडीत वकील, नातेवाईक, दंडाधिकारी कोणीच पोहोचत नाही. त्यामुळे कबुली स्वेच्छेची की छळातून आलेली, हे पडताळणे जवळपास अशक्य होते. याच धोक्यामुळे १८७२च्या पुरावा कायद्याने (कलम २५) पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरवली. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही (कलम २३) हा नियम कायम आहे. दहशतवादाच्या खटल्यांत साक्षीदार पुढे येत नाहीत, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. टाडा (१९८७) आणि पोटा (२००२) या दहशतवादविरोधी कायद्यांनी त्यासाठी अपवाद केला आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली. टाडा १९९५मध्ये संपुष्टात आला, पोटा २००४मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात (१९९९, कलम १८) हा अपवाद आजही आहे. यूएपीए या सध्याच्या दहशतवादविरोधी कायद्यात मात्र तो नाही.

सुरक्षेचे कारण चालते का? नाही. करारातील कलम १ नुसार युद्ध, अंतर्गत अस्थैर्य किंवा आणीबाणी यांपैकी कोणत्याही कारणाने माणसाला बेपत्ता करण्याचे समर्थन करता येत नाही.