आधी माती, मग पाणी

"माती आणा, थंड झालेली राख आणा. पाण्याची बादली आत नेऊ नका." कृषी सहायकांनी दारातूनच सांगितलं.

कोरपना तालुक्यातलं दोन खोल्यांचं घर. पऱ्हाटीवरच्या बोंडअळीसाठी आणलेली प्रोफेनोफॉसची बाटली फळीवर लवंडली होती. औषध खालच्या तुरीच्या चुंगडीवर आणि तिथून सारवलेल्या जमिनीत उतरलं होतं. उग्र वास अंगणापर्यंत येत होता. लेकरांना आणि आजीला शेजारी पाठवलं, चूल विझवली, दारं-खिडक्या सताड उघडली. मगच रबरी हातमोजे आणि मास्क चढवून आम्ही आत गेलो.

सुनेच्या हातात केरसुणी होती. ती खाली ठेवायला लावली. झाडलं की विषारी धूळ उडते, पाणी ओतलं की विष पसरतं आणि जमिनीत मुरतं. सांडलेल्या जागेभोवती कोरड्या मातीचं कडं केलं आणि कडेकडून आत माती-राख पसरली. माती-राखेने ओल ओढून घेतल्यावर ती अलगद उचलून जाड पिशवीत भरली. मग जमिनीचा वरचा थर खरवडला, ओल संपेपर्यंत. औषध उडालेली लोखंडी पेटी साबण आणि धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुन्हा पुन्हा पुसली, कारण प्रोफेनोफॉसच्या वर्गातली औषधं सोड्यामुळे लवकर विघटित होतात. लाकडी फळी मात्र टाकावीच लागली. लाकडात शिरलेलं पुसून निघत नाही.

सगळ्यात जड गेली ती तूर.

"धुवून उनात टाकली तं नाही चालत का, भाऊ?"

"नाही, ताई."

"कोंबड्यायले तरी?"

तेही नाही. दाण्यात मुरलेलं औषध धुण्याने जात नाही. वर्षाच्या वरणाची तूर होती ती. ती पिशवीत भरताना कुणीच बोललं नाही, आणि नुकसानभरपाईच्या कुठल्याच रकान्यात ती बसणार नव्हती. शेतात ऊन-पावसाने औषध हळूहळू विघटित होतं. घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते कितीतरी जास्त दिवस टिकतं.

घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासले. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, लाळ, घाम, उलटी यांपैकी काही दिसलं, तर बाटलीच्या लेबलासह थेट दवाखाना गाठायचा. तिथे अ‍ॅट्रोपिन देतात. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तेव्हापासून शेतातल्या मास्क-हातमोज्यांवर बोललं जातं, घरातल्या फळीवर फारच कमी.

गडचिरोलीत हिवतापासाठी घराच्या भिंतींवर आतून फवारणी होते. तिथे पथक आधी धान्य, भांडी, पिण्याचं पाणी बाहेर काढायला लावतं. विष मोजून मारतं. भिंती लगेच सारवू नका म्हणून बजावतं, कारण ते भिंतीवर टिकायलाच हवं असतं. कपाशीचं औषध मात्र दुकानातून थेट धान्याशेजारी येतं.

"वेगळ्या खोलीत कुलपात ठेवा" हा सल्ला मला अपुरा वाटतो, कारण या घराला तिसरी खोलीच नाही. गोठ्यात बैल आहेत, शेतात राखण नाही. ग्रामपंचायतीने वस्तीपासून दूर एक कुलूपबंद खोली द्यावी आणि कृषी केंद्रांनी फवारणीपुरतंच औषध लहान बाटलीत विकावं, असं मी तिथेच सरपंचांना सांगितलं. पिशव्या विहीर आणि नाल्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरल्या. उरलेल्या दोन बाटल्या कुलपाच्या पेटीत घालून पेटी बाहेरच्या भिंतीला उंचावर ठोकली.