दोन प्रोसेसर आणि एक उपाधी

मागच्या वेळी हेत्वाभासांवर बोलताना आम्ही धूर आणि अग्नी यांचं नैयायिकांचं उदाहरण घेतलं होतं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी जिन्यात गाठून विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण आज बाजारात गेल्यावर याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. तेव्हा आज शास्त्र थोडं बाजूला ठेवून बाजारातच जाऊ या. एका लॅपटॉपची गोष्ट सांगतो.

२०२२ च्या दिवाळीतली गोष्ट. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी सोलापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय संगणकशास्त्र. मावशींनी त्या महिन्याची भिशी उचलली होती, ती लॅपटॉपसाठी. दुकानदाराने दोन यंत्रं दाखवली. एकाच कंपनीची, तीच बॉडी, तोच पडदा, वजन सव्वा किलोच्या आसपास. एकात इंटेलचा कोअर आय-फाइव्ह १२३५-यू, दुसऱ्यात कोअर आय-फाइव्ह १२४०-पी. किमतीत फरक सात हजारांचा. दुकानदार म्हणाला, "बारा कोअरचा मिळत असताना दहाचा कशाला घेता?" मुलगी आमच्याकडे आली. "आजोबा, तुम्हीच सांगा."

आणि आम्ही काय सांगितलं? "मोठा घे, शिक्षणात काटकसर करू नये." आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने दोन आकडे ऐकले आणि मोठा आकडा उचलला! रात्री झोप लागेना. सात हजार रुपये आमचे नव्हते, मावशींचे होते. सकाळी फोन करून तिला म्हटलं, थांब, आठ दिवस दे. मग कंपनीची तांत्रिक पत्रकं काढून बसलो.

आता आकडे बघा. दोन्ही प्रोसेसर एकाच घराण्यातले, इंटेलच्या बाराव्या पिढीचे, २०२२ च्या सुरुवातीला आलेले. या पिढीत कोअर दोन जातीचे असतात. एक जात दणकट, झपाट्याने काम करणारी, पण वीजही तशीच खाणारी. तिला पी-कोअर म्हणतात. दुसरी लहान, काटकसरी, ती ई-कोअर. १२३५-यू मध्ये दोन दणकट आणि आठ काटकसरी, एकूण दहा. १२४०-पी मध्ये चार दणकट आणि तेच आठ काटकसरी, एकूण बारा. (पी-कोअरमधला 'पी' आणि १२४०-पी मधला 'पी' यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला कोअरची जात सांगतो, दुसरा प्रोसेसरची श्रेणी. नावं ठेवणाऱ्यांनी एक दिवस तरी आमच्या वर्गात बसायला हवं होतं.)

तर फरक दोन दणकट कोअरांचा. एका कोअरला जास्तीत जास्त किती वेगाने पळता येतं? दोन्हीत ४.४ गिगाहर्ट्‌झ, अगदी सारखं. कॅशे दोन्हीत १२ एमबी. म्हणजे ज्या कामात एकच कोअर राबतो तिथे दोघं जवळजवळ बरोबरीचे. आणि रोजची बरीचशी कामं अशीच असतात. फाइल उघडणं, वेबपान पुढे सरकवणं, छोटा प्रोग्रॅम चालवून बघणं.

खरा फरक पत्रकात खाली, लहान अक्षरांत होता. पायाभूत वीज: १२३५-यू ला १५ वॅट, १२४०-पी ला २८ वॅट. कमाल वीज: अनुक्रमे ५५ आणि ६४ वॅट. आम्ही ॲरिस्टॉटल शिकवताना सामर्थ्य आणि प्रत्यक्ष यांतला भेद सांगत आलो. बीमध्ये झाड असतं ते सामर्थ्यरूपाने. ६४ वॅट हेही तसंच सामर्थ्य आहे. प्रोसेसर तिथवर जातो तो काही सेकंद, फार तर अर्धा मिनिट. मग यंत्र बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या दीर्घकालीन मर्यादेवर येतो. ही मर्यादा किती ठेवायची हे लॅपटॉप बनवणारा आपल्या पंख्याकडे आणि बॉडीकडे बघून ठरवतो. म्हणून तोच प्रोसेसर एका यंत्रात १५ वॅटवर चालतो आणि दुसऱ्यात २५ वर. बाहेरच्या स्टिकरवर नाव मात्र एकच.

इथे थोडं गणित करू, घाबरू नका. चिपमध्ये खर्च होणारी वीज ढोबळमानाने दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते: व्होल्टेजचा वर्ग आणि कंपनवेग. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवली, तर वीज किती वाढेल? १.१ चा घन करा, १.३३ येतो. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के वीज! उलट बाजूनेही बघा. वेग थोडा कमी केला की विजेची बचत त्याहून बरीच मोठी होते. त्यामुळे मर्यादित विजेत बरेच कोअर सावकाश चालवणं हे थोडे कोअर जोरात पळवण्यापेक्षा परवडतं, आणि १२४०-पी च्या बाजूने हा मुद्दा आहेच, तो लपवायचं कारण नाही. मात्र काम सगळ्या कोअरांत वाटून घेता येणारं असलं पाहिजे, आणि ते मिनिटं-मिनिटं चालणारं असलं पाहिजे.

आता आपल्या धुराकडे येऊ. "जिथे धूर तिथे अग्नी" हे अनुमान चालतं. पण उलटं करून "जिथे अग्नी तिथे धूर" म्हटलं, की नैयायिक हात धरतो. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठाय? धूर येतो तो ओल्या लाकडाचा संबंध असेल तेव्हा. हे ओलं लाकूड म्हणजे उपाधी. हेतूबरोबर ती गुपचूप आत येते, आणि श्रेय हेतू घेऊन जातो.

दुकानदाराचं अनुमान काय होतं? जिथे कोअर जास्त तिथे वेग जास्त. इथली उपाधी कोणती? उष्णतेला बाहेर जायची वाट! प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती बाहेर पडत असेल तर जास्तीचे कोअर दीर्घकाळ राबतील. पडत नसेल तर यंत्र स्वतःच वेग उतरवतं. जाड बॉडी आणि दोन पंख्यांच्या यंत्रात १२४०-पी निःसंशय पुढे जाईल. आपल्यासमोर होतं ते सव्वा किलोचं, एका पंख्याचं यंत्र. त्या पंख्याला २८ वॅट सतत बाहेर फेकणं झेपेल का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर प्रोसेसरच्या पत्रकात सापडत नाही.

त्यात मुलगी सोलापूरची. हे थट्टेने म्हणत नाही. या दोन्ही चिप्सची तापमानमर्यादा १०० अंश. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या अंतरावर ठरतं. पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत हे अंतर ७५ अंशांचं. सोलापुरात मे महिन्यात खोलीत ४२ असतील तर अंतर उरलं ५८. म्हणजे त्याच पंख्याची ताकद साधारण पावपट कमी झाली. आणि पोरं लॅपटॉप ठेवतात कुठे? गादीवर! हवा आत घ्यायच्या जाळ्या खालच्या बाजूला, त्या चादरीत बुडालेल्या. (हशा) हसू नका, तुमच्या घरी जाऊन बघा.

मग मुलीला विचारलं, तुझा दिवस कसा जातो? सकाळी आठला घर सोडते, चारला परत येते. वर्गात प्लगची सोय नाही. जावा, पायथॉन, ब्राउझरच्या दहा-पंधरा टॅब. व्हिडिओ एडिटिंग? नाही. म्हटलं, मग बॅटरीचा हिशेब कर. समज, बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. पडद्यासकट सगळं यंत्र सरासरी ५ वॅट खात असेल तर दहा तास चालेल, ७ वॅट खात असेल तर सात तास. दोन वॅटांनी तीन तास जातात, आणि तिचा दिवस आठ तासांचा. नुसतं वाचत बसलं तर दोन्ही प्रोसेसर जवळपास सारखीच वीज खातील, कारण तेव्हा मोठा खर्च पडद्याचा असतो. पण १२४०-पी असलेल्या यंत्रात मर्यादा सहसा वर ठेवलेली असते. प्रोग्रॅम चालवला, टॅब उघडली की दर वेळी एक मोठी उडी. आपण आत्ताच बघितलं, शेवटच्या दहा टक्के वेगाची किंमत काय असते ते.

एक गोष्ट मात्र शोधता शोधता अचानक हाती लागली. दोन्ही प्रोसेसरांत आयरिस एक्सई नावाचं चित्रांचं काम बघणारं अंग आहे, दोन्हीत ८० घटकांचं. पण मेमरीची एकच पट्टी असेल तर ते पूर्ण ताकदीने चालत नाही. यंत्र त्याचं नावसुद्धा बदलून साधं यूएचडी दाखवतं. दुकानातल्या दोन्ही यंत्रांत आठ जीबीची एकच पट्टी होती आणि दुसरी खाच रिकामी. दुकानदार याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल.

आमचा निर्णय असा झाला: १२३५-यू घ्यायचा, आणि वाचलेल्या सात हजारांतून आठ जीबीची दुसरी पट्टी बसवून घ्यायची. ती बसवूनही पैसे उरले, ते मावशींकडे परत गेले. मुलगी थोडी खट्टू झाली होती, हेही सांगायला हवं. तिच्या मैत्रिणीकडे १२४०-पी होता आणि त्या वयात आकड्यांचं महत्त्व वेगळं असतं.

हीच मुलगी उद्या म्हणाली असती की मला तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करायचे आहेत, टेबलावर प्लग लावून बसणार आहे, यंत्र दीड-पावणेदोन किलोचं चालेल, तर आम्ही न कुरकुरता १२४०-पी सांगितला असता. तिथे ओलं लाकूड हजर आहे, धूर येणारच. आणि हे दोनच प्रोसेसर पाठ करू नका. २०२३ च्या डिसेंबरात इंटेलने कोअर अल्ट्रा आणले तेव्हा 'पी' हे अक्षरच गेलं, आणि २८ वॅटची जागा 'एच' अक्षराच्या प्रोसेसरांनी घेतली. तेव्हा दुकानात अक्षर विचारू नका. पायाभूत वीज किती, या यंत्रात दीर्घकालीन मर्यादा किती ठेवली आहे, पंखे किती, आणि मेमरीच्या पट्ट्या एक की दोन, एवढं विचारा. दुकानदार सांगू शकला नाही तर त्या मॉडेलची अर्धा तास सतत भार देऊन केलेली चाचणी शोधा. पहिल्या मिनिटाचे आकडे सोडा आणि विसाव्या मिनिटाचे बघा.

ते जिन्यातले श्रोते आज आले आहेत का? आले असतील तर चहाच्या वेळी भेटा. पट्टी कशी बसवतात तेही आम्हांला आता येतं.