पान लोकर का पांघरतं?

कोकराच्या कानाला कधी हात लावलाय? मऊमऊ, लोकरीचा! अगदी तस्संच लागणारं एक पान आहे. म्हणून इंग्रज लोक त्या झाडाला ‘कोकराचा कान’च म्हणतात. रंग मात्र चांदीसारखा रुपेरी. झाड मूळचं तुर्कस्तान-इराणकडचं, कोरड्या, खडकाळ जागी वाढणारं. आता सांगा, थंडीत आपण लोकर घालतो, पण उन्हात कुणी घालतं का?

घालतं. कसं ते साखरेला विचारू. साखरेचा एक दाणा उजेडात धरा. काचेसारखा आरपार दिसेल. पण वाटीभर साखर पांढरी दिसते आणि पिठीसाखर त्याहून पांढरी! कारण इतक्या साऱ्या बारीक कणांवर आपटून उजेड चहूकडे उधळला जातो. पानावरचे केसही असेच बारीक, बिनरंगी. ऊन त्यांच्यावर आपटतं, बरंचसं परत जातं आणि पान कमी तापतं. केसांच्या खाली पान हिरवंच असतं बरं का!

लोकरीचं दुसरं काम मला जास्त आवडतं. दोरीवरचे कपडे वाऱ्याने भराभर वाळतात ना? पानाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडणारी वाफही वारा तशीच पळवून नेतो. केसांच्या दाट जंगलात मात्र वाऱ्याला शिरताच येत नाही. ओलसर हवा पानाला बिलगून राहते आणि आतलं पाणी पुरवून पुरवून वापरता येतं.

हे गुपित इंग्लंडमधल्या बेथ चॅटो या बागवान बाईंनी नेमकं हेरलं होतं. त्यांचं गाव एसेक्स परगण्यात, इंग्लंडच्या अगदी कोरड्या भागात. तिथे वर्षाला पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त पडतो! बेथबाईंकडे गाड्या उभ्या करायची एक जागा होती, चेपून चेपून टणक झालेली. ती त्यांनी खणून भुसभुशीत केली, खत घातलं आणि 1992 साली तिथे रुपेरी पानांची झाडं लावली. वर खडीचा थर पसरला. रोपं लावताना पाणी दिलं तेवढंच. त्यानंतर नळी लावायची नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बाग बहरली! कोकराचे कान, लॅव्हेंडर आणि आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याची चुलत भावंडंही तिथे आहेत. बेथबाई 2018 साली गेल्या. बाग अजून आहे.

मग कोकराचा कान आपल्या अंगणात लावायचा का? जपून हं. आपल्या धो-धो पावसात त्याची लोकर भिजून चिंब होते आणि पानं कुजतात.

पण आपल्याकडे रुई आहे की! शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच. भर मे महिन्यात माळरानावर ती ताजीतवानी उभी असते. तिच्या कोवळ्या पानावर हलकेच बोट फिरवा. पांढरी पांढरी लव बोटाला लागेल आणि खालून हिरवं पान डोकावेल. पान तोडू मात्र नका. तिचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते. म्हणून सोबत मोठं कुणीतरी घ्या आणि घरी आल्याबरोबर साबणाने हात धुवा.