रेंज गेल्यावर काय? अकोल्यातलं फील्डवर्क आणि हॅम रेडिओ

फील्डवर्कला निघताना आपण वही, रेकॉर्डर, पॉवर बँक आठवणीने घेतो. 'काही झालंच तर फोन करू' हे मात्र गृहीत धरतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, म्हणजे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाच्या कुशीत, हे गृहीतक बऱ्याचदा पहिल्याच दिवशी मोडतं.

माझं मागच्या पावसाळ्यात मोडलं. रतनवाडीच्या पुढे आमची जीप ओढ्याकाठच्या चिखलात रुतली, सोबतच्याचा पाय मुरगळला, आणि मोबाईल मुका. माझ्याकडे हॅम परवाना होता, पाच वॅटचा हँडसेट होता. अर्धा तास हाका मारल्या, कुणीही उत्तर दिलं नाही. शेवटी पाऊण तास चढून सोंडेवर गेलो. तोच सेट, तीच अर्धी उरलेली बॅटरी, आणि दुसऱ्याच हाकेला पलीकडून आवाज आला. निरोप गावात पोचला, अंधार पडायच्या आत ट्रॅक्टर आला.

मग सेटमध्ये बिघाड होता का? नाही. बिघाड माझ्या समजुतीत होता.

हँडसेट साधारण १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. किती लांब जातील याचा ढोबळ हिशोब सोपा आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. दोन्ही टोकांची उत्तरं मिळवायची. सपाट माळावर उभ्या माणसाच्या हातातला सेट दीड मीटरवर असतो, म्हणजे पाच किलोमीटर. दोघं मिळून दहा.

आता कळसूबाई घ्या. शिखराची उंची १,६४६ मीटर. अहिल्यानगर शहर साधारण ६५० मीटरवर. फरक सुमारे हजार मीटर, म्हणजे जवळपास १३० किलोमीटर. शहराचं हवाई अंतर १२० च्या आसपास आहे. कागदावर जमतं! पण सूत्राला मधल्या डोंगररांगा दिसत नाहीत, त्या तुम्हालाच नकाशावर बघाव्या लागतात. उलट सांदण दरीत उतरलात की दोन्ही बाजूंना कातळ. तिथे दहापट ताकदीचा सेट नेला तरी फारसा उपयोग नाही. पैसे वॅटवर नको, उंचीवर आणि अँटेनावर घाला. जीपच्या पत्र्याच्या टपावर लावलेली साधी अर्ध्या मीटरची अँटेना हँडसेटच्या रबरी शेपटीपेक्षा कितीतरी बरी.

दरीतून बोलायचंच असेल तर दुसरा मार्ग आहे. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वर पाठवल्या की आयनांबरावरून परततात आणि शे-दोनशे किलोमीटरच्या परिसरात छत्रीसारख्या खाली येतात. डोंगर आड येत नाही. त्यासाठी वीसेक मीटर तार, मोठी बॅटरी आणि सराव लागतो. शिवाय वेळेनुसार हे मार्ग उघडतात, बंद होतात.

हे सगळं परवान्याशिवाय करायचं नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते. वयाची अट फक्त १२ वर्षं पूर्ण. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स कोड लागत नाही, रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम विचारतात. पास झालात की 'व्हीयू'ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन मिळतं. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून सेट आधी घेऊ नका. आणि परदेशी मित्राचा सॅटेलाइट फोन तर मुळीच नको. आपल्याकडे तो विनापरवानगी बाळगणं गुन्हा आहे.

संशोधकाने आणखी एक लक्षात ठेवायचं: हॅमवरचं बोलणं कुणीही ऐकू शकतं आणि ते सांकेतिक करायला मनाई आहे. म्हणून मुलाखत दिलेल्या माणसाचं नाव, आजार, जमिनीचा वाद हवेत जाऊ द्यायचा नाही. धंद्याची कामंही त्यावर चालत नाहीत.

२००४ च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या राष्ट्रीय हॅम संस्थेचं पथक पोर्ट ब्लेअरला गेलं होतं, जगभरच्या हॅमशी संपर्क साधायच्या हौसेने. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि याच पथकाने अंदमानचे निरोप बाहेर पोचवले. संकट आलं तेव्हा अँटेना आधीच उभी होती आणि हात सरावलेले होते. महत्त्वाचं तेच.

म्हणून माझी विनंती: तुमच्या क्षेत्रात पहिल्या खेपेला डेटा नंतर, आधी रेडिओची चाचणी. वहीत पाच रकाने आखा: जागा, उंची, वेळ, अँटेना, संपर्क झाला की नाही. 'नाही' सुद्धा लिहा. प्रबंधात नकारात्मक निष्कर्ष जितका मोलाचा, तितकाच इथे. शेवटच्या पानावर निरोपाचा साचा लिहून ठेवा: मी कोण, कुठे, काय झालं, किती माणसं, काय हवंय. घाबरलेला माणूस नेमकं 'कुठे' विसरतो.

माझ्या वहीत आता रतनवाडीच्या ओढ्यापुढे 'नाही' आहे आणि सोंडेपुढे 'हो'. ही दोन अक्षरं आधी लिहिलेली असती, तर त्या संध्याकाळी अर्धी बॅटरी वाचली असती.