चूक व्हावी ती वर्गात!

आजी तिसऱ्यांदा बेडपॅन मागतात. औषधांचा ट्रे घेऊन निघालेली सिस्टर वळूनही न पाहता म्हणते, “थांबा हो, दोनच हात आहेत मला!” आजी गप्प होतात. थोड्या वेळाने चादर ओली होते.

असा प्रसंग नर्सिंगच्या वर्गात नाटुकल्यासारखा करता येतो. एकदा संपला की तो पुन्हा सुरू होतो. आता बघणारी कोणीही विद्यार्थिनी ‘थांबा’ म्हणून प्रसंग अडवते, सिस्टरची जागा घेते आणि वेगळं वागून पाहते. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल (१९३१-२००९) यांचं हे ‘फोरम थिएटर’ परिचारिकांच्या शिक्षणातही वापरलं जातं.

एखादी ट्रे खाली ठेवते, दुसरी मावशींना हाक मारते. मग औषधांना उशीर झाला तर? वर्गात वाद रंगतो. उशीर जास्त लागला की पाठमोरं उत्तर, हे आजी झालेलीच सांगू शकते. म्हणून प्रयोगानंतरची चर्चा टाळायची नसते.

अपुऱ्या मनुष्यबळावर नाटक हा उपाय नाही. पण इंजेक्शन आधी मॉडेलवर टोचून शिकतात, तसं बोलणंही रुग्णापाशी जाण्याआधी शिकता येतं.