सोबत कुत्रा, वाट घाटाची

मे महिना लागला की आमच्या किन्हवलीच्या बाजूने, शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवरून, घाटाकडे जाणारे दोन प्रकारचे प्रवासी दिसू लागतात. पहिले असतात धनगर नवरा-बायको. पुढे मेंढरं, मध्ये संसार लादलेलं घोडं आणि आजूबाजूला दोन-तीन कुत्री. दुसरे असतात मुंबई, ठाणे, डोंबिवलीकडचे नवरा-बायको. मोटारीच्या मागच्या सीटवर लॅब्रेडॉर नाहीतर पग, काचा वर, एसी चालू. सरळगावला कल्याणचा रस्ता गाठायचा आणि माळशेज चढून जुन्नरकडे जायचं. दोघांनाही सह्याद्री ओलांडायचा आहे आणि दोघांच्याही सोबत कुत्री आहेत. फरक एवढाच की पहिल्यांना ही वाट पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे आणि दुसऱ्यांना ती नवी आहे. श्रोतेहो, दुसऱ्यांनी पहिल्यांकडून काय घ्यावं, एवढंच मला आज सांगायचं आहे. कारण उन्हाळी सहलीला हौसेनं नेलेला कुत्रा परत येताना गाडीत नसतो, असं घडू शकतं. आणि बहुतेक वेळा ते टाळता येण्यासारखं असतं.

वाड्याचा प्रवास

नगर, पुणे, नाशिक या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातले मेंढपाळ पावसाळा संपला, भाताची कापणी उरकली की घाट उतरून कोकणात येतात. त्यांच्या फिरत्या बिऱ्हाडाला ‘वाडा’ म्हणतात. रिकाम्या शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या, शेताला लेंडीखत मिळतं आणि त्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. कोकणचा पाऊस मात्र मेंढीला मानवत नाही, चिखलानं खूर सडतात. म्हणून मृग निघण्याच्या आत वाडा घाटमाथ्याकडे वळतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, कुत्र्यांना घेऊन, डोंगरातून प्रवास आलाच. यात हौस नाही, पोट आहे.

या प्रवासाचं वेळापत्रक बघण्यासारखं असतं. झुंजूमुंजू व्हायच्या आत घरधनीण पाल उतरवते, भांडीकुंडी घोड्यावर बांधते, वर कोकरं आणि कोंबड्या बसवते. ऊन तापायच्या आत पल्ला मारायचा. दुपारी सावली आणि पाणी असेल तिथं थांबायचं. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात, कुत्री ओलसर माती उकरून तिच्यात पोट टेकतात. उन्हं कलली की पुन्हा चाल. दुपारी बारा ते चार कुणी चालत नाही. माणसाला सोसवत नसेल तर तो बोलून दाखवतो. मुक्या जितराबाचं आपणच ओळखायचं असतं.

मोटारीतली भट्टी

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांना असतात आणि त्यांचा उपयोग बेताचाच. अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती धापा टाकून. जीभ, तोंड आणि नाक यांतल्या ओलाव्याची वाफ होते आणि रक्त थंड होतं. हवा दमट असेल तर वाफ होणं मंदावतं, म्हणून कोकणातला उन्हाळा त्याला जास्त जाचतो. पगसारख्या बसक्या नाकाच्या जातींचं आणखी अवघड. २००३च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनं हा पग घराघरांत नेला, पण त्याचं नाकाड आखूड आणि श्वासाची वाट अरुंद असते, हे जाहिरातीत कुणी सांगितलं नाही. म्हातारी, लठ्ठ आणि दाट केसांची कुत्रीही अशीच लवकर हैराण होतात.

निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ४१च्या पुढे गेलं की जिवाशी खेळ सुरू होतो. आता उन्हात उभी केलेली मोटार बघा. काचेतून ऊन आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, ती उष्णता आतच कोंडते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की बाहेर फार कडक ऊन नसतानाही बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवल्यानं फारसा फरक पडला नाही. मुरबाड-शहापूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. तेव्हा ‘पाच मिनिटांत वडापाव घेऊन येतो’ म्हणून कुत्र्याला गाडीत कोंडू नका. दोघं आहात ना? मग एकानं खाली उतरावं, दुसऱ्यानं कुत्र्यापाशी थांबावं.

वर गेल्यावर गार वाटतं हे खरं. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. माळशेजची उंची सुमारे सातशे मीटर, म्हणजे खालच्यापेक्षा चारेक अंशांचा दिलासा. पण डांबर तिथंही तापतंच. कुत्र्याला उतरवण्याआधी आपल्या तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

धापा थांबेनाशा झाल्या, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, झोक जाऊ लागला किंवा उलटी झाली तर ऊन लागलं असं समजा. आधी सावलीत आणा, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला आणि मग डॉक्टरांकडे पळा. गार करण्याचं काम डॉक्टरांवर सोपवून तसंच निघू नका. ओला टॉवेल पांघरून ठेवला तर तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं.

पाणी कुणाचं?

पंचवीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हात प्रवासात त्याच्या दुप्पट धरा. दोन कुत्री असली तर सहा लिटर नुसतं प्यायला, आणि वेळ आलीच तर अंगावर ओतायला वेगळं. पंधरा-वीस लिटरचा कॅन घरूनच भरून घ्या. ही गोष्ट मी आग्रहानं सांगतो, कारण शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतं. आणि याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. बाया डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालतात. अशा गावच्या हातपंपावर कुत्र्याला आंघोळ घालणं शोभत नाही. तहानेल्याला ओंजळभर पाणी मात्र गावात कुणी नाकारणार नाही.

आमच्या मुस्लिम घरांत कुत्र्याला सहसा उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. कळप, शेत, घर राखायला आणि शिकारीला मात्र तो चालतो. पण आम्हांला लहानपणी सांगितलेली हदीस आहे. तहानेनं ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी एक वाटसरू विहिरीत उतरला, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरलं, तो दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाजलं. तेवढ्यावर अल्लानं त्याचे गुन्हे माफ केले. नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ती गोष्ट तर घरोघर माहीत आहे. दोन्ही गोष्टी वाटेवरच्याच आहेत, दोन्ही उन्हातल्याच.

बिबट्याचा रस्ता

घाटात आपण एकटेच प्रवासी नसतो. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या वन खात्यानं बाहेर काढला आणि गळ्यात माग काढणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला हा बिबट्या. ‘आजोबा’ असं त्याचं नाव पडलं. तो कसाऱ्याकडून, रेल्वे आणि महामार्ग ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. पुढे २०११ साली वाहनाच्या धडकेनं मेला. २०१४ मध्ये त्यावर मराठी चित्रपटही आला.

आपल्या डोंगरापलीकडच्या अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यासही २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबानं त्यांच्या खाण्यातला ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. तेव्हा तंबूबाहेर, रिसॉर्टच्या अंगणात रात्री कुत्रा बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालतात, ते याच भीतीनं. आपण एवढंच करावं की अंधार पडला की कुत्रा दाराच्या आत.

उलट बाजूही आहे. तानसा, भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात कुत्रा नेऊ नये. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग रानातल्या जनावरांना लागू शकतो. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगानं जवळपास एक तृतीयांश सिंह गेले. आपल्या गीरमध्येही २०१८ साली सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता.

निघण्यापूर्वी

रेबीज आणि डिस्टेंपरच्या लशी निघण्याच्या काही आठवडे आधी पूर्ण झालेल्या असाव्यात आणि दाखला बरोबर असावा. गावच्या कुत्र्यांपासून आपला कुत्रा दूर ठेवा. ती हद्द त्यांची असते. कुणाला चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. वळणावळणाच्या घाटात कुत्र्यांना उलट्या होतात, म्हणून निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका. दर दोन तासांनी थांबा. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका, अंगपट्टा सीटला अडकवा. रानात फिरून आल्यावर कान, बगला आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. तिच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो. वाटेवरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचे नंबर घरीच टिपून ठेवा, घाटात रेंज मिळेलच असं नाही.

आणि सगळ्यात मोठं पथ्य धनगराचं : पहाटे निघा, दुपारी थांबा, संध्याकाळी चाला. धर्मराजानं स्वर्गाच्या दारातही कुत्र्याला सोडलं नाही म्हणतात. आपल्याला तेवढा चढ चढायचा नाही. माळशेजपर्यंतच जायचं आहे, आणि तिथून जेवढे निघालो तेवढे सगळे घरी परतायचं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)