मी न पाहिलेली दमयंती

आमच्या वसतिगृहात प्रत्येकीच्या पलंगाजवळच्या भिंतीवर कोणाचे ना कोणाचे चित्र असते. कोणाच्या भिंतीवर क्रिकेटपटू, कोणाच्या भिंतीवर नट, तर एकीच्या भिंतीवर चक्क विराजमान झालेला मोटारसायकलस्वार. माझ्या भिंतीवर मासिकातून कापलेले एक जुने कृष्णधवल छायाचित्र आहे. साडी नेसलेली एक स्त्री, एक हात छातीशी, दुसरा बाजूला लांबवलेला, मान किंचित कललेली. पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीतल्या कन्नड मैत्रिणीने विचारले, "ही तुझी आजी का गं?" मी म्हटले, "नाही, ही माझी हीरो." ती हसली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या हसण्याला दिलेले जरा लांबलेले उत्तर आहे.

छायाचित्रातील स्त्रीचे नाव दमयंती जोशी. जन्म मुंबईचा, १९२८ चा. मृत्यूही मुंबईतच, १९ सप्टेंबर २००४. माझा जन्म २००४ चा. म्हणजे ज्या कलावतीची मी स्वतःला चाहती म्हणवते, तिला मी रंगमंचावर पाहिले नाही आणि पाहण्याचा संभवही नव्हता. गायकाच्या चाहत्याचे बरे असते, ध्वनिमुद्रिका लावली की झाले. नर्तिकेच्या मागे उरतात ती छायाचित्रे, क्वचित एखादी फिल्म, आणि ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणी. माझ्या वाट्याला आली ती आत्याची आठवण.

माझे गाव सावरगाव. नकाशात ते मध्य प्रदेशात आहे आणि घरात मराठी आहे. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर आम्ही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. ही आमची गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी पळवून नेत होता, त्यावरून हे सुरू झाले अशी दंतकथा सांगतात. (त्या मुलीचे नाव मात्र कोणी सांगत नाही.) वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे सीमाभागात आलो, पुढे त्यांची बदली झाली आणि मी वसतिगृहात राहिले. अशा गावात बॅलेची चाहती कशी निपजली, हे कोडे उलगडायला आत्याची गोष्ट सांगायला हवी.

आत्या सत्तरीच्या दशकात खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिकायला गेली होती. हे विश्वविद्यालय १९५६ साली तिथल्या राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात सुरू झाले. तेव्हा खैरागड मध्य प्रदेशात होते, आता छत्तीसगडमध्ये आहे. आत्या तिथे एकच वर्ष टिकली. म्हणजे ती टिकली असती, पण आजोबांनी परत बोलावले. नाचणाऱ्या पोरीशी सोयरीक कोण करील, हा त्यांचा सवाल होता. त्या काळात तिने नागपुरात एकदा दमयंतीबाईंचा नाच पाहिला. एकदाच. पण त्या एका संध्याकाळीचे वर्णन मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे, की पडदा उजवीकडून सरकला की डावीकडून हेही मी सांगू शकेन.

आता "बॅले" या शब्दाविषयी थोडे. आपल्याकडे हा शब्द फार सैलपणे वापरतात. स्नेहसंमेलनात दहा मुली एकत्र नाचल्या की त्यालाही बॅले म्हणतात. मूळचा युरोपीय बॅले हे एक कडक शास्त्र आहे. तिथली नर्तिका पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभी राहते, जमिनीपासून सुटण्याची, तरंगण्याची तिची धडपड असते. आपले कथक नेमके उलट. इथे सपाट पाऊल जमिनीवर पडते, घुंगरू बोलतात आणि जमिनीशी सवालजबाब चालतो. एक नाच धरती सोडू पाहतो, दुसरा धरतीला बोलावतो. या दोहोंची गाठ कशी पडली, हा मोठा रंजक इतिहास आहे.

रशियाची जगप्रसिद्ध नर्तिका ॲना पावलोवा १९२२ च्या अखेरीस हिंदुस्थानात आली. इथून परतल्यावर १९२३ मध्ये तिने लंडनला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून सुचलेला बॅले केला. त्याच वर्षी तरुण उदय शंकर यांना बरोबर घेऊन तिने राधा-कृष्णाचे नृत्य बसवले. आपल्या लेण्यांतल्या आकृती लंडनच्या रंगमंचावर नाचल्या आणि आपण इथे नाचाला नाके मुरडत बसलो होतो! पावलोवाच्या उत्तेजनाने ज्या भारतीय कलावंतांनी आपल्याच नृत्याकडे पुन्हा वळून पाहिले, त्यांत लीला रॉय-सोखी होत्या. रंगमंचावरचे त्यांचे नाव मेनका. त्यांचे पती डॉ. साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. प्रतिष्ठित घरातील बाईने नाचावे, आणि तेही कथक, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

मेनकाबाईंनी काय केले? कथक हा एकट्याने सादर करायचा नाच. नर्तक, तबलजी, सारंगिया, समोर मोजके जाणकार, अशी त्याची बैठक. मेनकाबाईंनी त्याला कथानक दिले, समूह दिला, वाद्यवृंद दिला, नेपथ्य आणि वेशभूषा दिली, आणि संवादाविना दोन घटका प्रेक्षक खिळून राहील असा खेळ उभा केला. 'कृष्णलीला', 'देवविजय', 'मेनका लास्यम्' हे त्यांचे बॅले. १९३६ ते १९३८ या काळात त्यांचा संच युरोपभर फिरला. सरोदवादक सखावत हुसेन खाँ त्यांच्याबरोबर होते. १९३६ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला भरलेल्या नृत्यस्पर्धेत या संचाने पारितोषिके मिळवली. ते हिटलरचे बर्लिन होते, हे चाहतीनेही विसरू नये. पूर्वेकडच्या अद्भुताचे वेड असलेल्या त्या प्रेक्षकांनी टाळ्या कशाला वाजवल्या, कलेला की नवलाईला, असा प्रश्न मला पडतो. १९३८ च्या 'डेर टिगर फॉन एश्नापूर' या जर्मन चित्रपटात या संचाचे नृत्य आहे. ते दृश्य मी किती वेळा पाहिले असेन याचा हिशेब नाही. भोवतीचा महाल खोटा, राजा खोटा, पण पाय मात्र खरे आहेत.

या संचात एक लहान मराठी मुलगी होती. हीच दमयंती. मेनकाबाईंना स्वतःचे मूल गमवावे लागले होते आणि या मुलीला दत्तक घ्यावे असे त्यांच्या मनात होते. दमयंतीच्या आईने, वत्सलाबाई जोशींनी, मुलगी देऊन टाकायला नकार दिला. पण तिची वाट अडवलीही नाही. शेवटी दोघींनी मिळून तिला वाढवायचे ठरले. सोखींच्या घरात ती वाढली, संचातले गुरू पंडित सीताराम प्रसाद यांच्याकडे कथक शिकली आणि ज्या वयात आम्ही चिंचा पाडत हिंडत होतो त्या वयात युरोपच्या रंगमंचांवर नाचली. पंधराव्या वर्षी ती संचाची प्रमुख नर्तिका झाली.

वत्सलाबाईंबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. मला मात्र या साऱ्या कथेत त्यांचा नकार आणि त्यांचा होकार, दोन्ही फार मोठे वाटतात. आत्या ही गोष्ट सांगताना इथे नेहमी थांबते. एकदा मी विचारले, "आत्या, तुझी आई काहीच बोलली नाही का गं आबांना?" आत्या तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बोलली असन. मले आयकू नाही आलं." त्यावर मी पुन्हा तो विषय काढला नाही.

१९४७ साली मेनकाबाई वारल्या. संच गेला, समूह गेला. बॅलेत वाढलेल्या नर्तिकेला आता एकटीने उभे राहायचे होते. दमयंतीबाईंनी काय करावे? त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. लखनौ घराण्याचे लच्छू महाराज आणि शंभू महाराज, जयपूर घराण्याचे हिरालाल यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली. मुंबईच्या राजराजेश्वरी भरतनाट्य कलामंदिरात महालिंगम पिल्लै यांच्याकडे भरतनाट्यमही शिकल्या. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास एकल कथक नर्तिका म्हणून त्यांचे नाव झाले. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० मध्ये पद्मश्री. खैरागडला आणि लखनौच्या कथक केंद्रात त्यांनी शिकवले. आणि १९८९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले, ते स्वतःवर नव्हे, मेनकाबाईंवर.

कथकात साडीचा वेश प्रथम त्यांनी आणला, असे त्यांच्याविषयी लिहिलेले आढळते. चाहते या "प्रथम" शब्दावर फार खूष असतात. मला त्यातली पहिलेपणाची ऐट महत्त्वाची वाटत नाही; साडीने काय होते ते महत्त्वाचे. घेरदार पोशाखात गिरकी घेतली की घेर फुलतो आणि प्रेक्षक टाळी देतो. ती टाळी अर्धी कापडाला असते. साडीत ती सोय नाही. गिरकी नेमकी नसेल तर लगेच दिसते. आत्या सांगते, दमयंतीबाई चक्करांनंतर थांबल्या तेव्हा पदरसुद्धा जागचा हलला नव्हता. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण चाहत्याला एवढी मुभा असावी.

आता थोडा हिशेब, कारण कथक पाहायचे तर मोजता आले पाहिजे. तीनताल सोळा मात्रांचा. "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" हे आठ बोल दोनदा म्हटले की एक आवर्तन पुरे होते. पहिली मात्रा म्हणजे सम. नर्तिका कितीही लांब भटकली तरी तिला समेवर घरी यायचे असते. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून शेवटचा बोल समेवर टाकणे. समजा तुकडा पाच मात्रांचा आहे आणि मध्ये विसावा नाही. तीन पंचे पंधरा. मग तो तिसऱ्या मात्रेवर उचलायचा. पहिला सातवीवर संपेल, दुसरा बारावीवर आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल सतराव्या मात्रेवर, म्हणजेच पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडेल. कागदावर हे सोपे आहे. पायांनी करताना, चेहऱ्यावर हिशेबाची आठी न दिसू देता करणे, ही वीस वर्षांची विद्या आहे. पण आत्याला तिहायांपेक्षा आठवतो तो थाट. नाचाच्या आरंभी नर्तिका जवळजवळ स्थिर उभी असते. मनगट, भुवई, मान, एवढेच हलते. "त्या नुसत्या उभ्या होत्या," आत्या म्हणते, "अन् साऱ्या सभागृहात कोणी खोकललं नाही." माझ्या भिंतीवरचे छायाचित्र मला याच क्षणाचे वाटते.

माझी कन्नड मैत्रीण हे सर्व ऐकून घेते आणि मग मायाराव यांचे नाव पुढे करते. बंगळूरच्या मायाराव यांचा जन्मही १९२८ चाच. त्याही शंभू महाराजांच्या शिष्या. पुढे मॉस्कोला जाऊन त्या नृत्यरचनेचे शास्त्र शिकून आल्या आणि बंगळुरात त्यांनी संस्था उभी केली. "तुझ्या दमयंतीबाई नाचल्या, आमच्या मायारावांनी नाचवणारे घडवले," असा तिचा युक्तिवाद. मी म्हणते, दोघी एकाच गुरूच्या दारातल्या, भांडायचे कशाला? पण आम्ही भांडतो. चाहते भांडणारच.

माझ्याकडे आणखी एक हुकमाचा पत्ता आहे. मेनकाबाईंच्या शेवटच्या काळातला मोठा बॅले म्हणजे कालिदासाच्या नाटकावरचा 'मालविकाग्निमित्र'. कथानक आठवा. मालविका ही विदर्भाची राजकन्या. ओळख लपवून ती विदिशेला अग्निमित्राच्या राजवाड्यात दासी म्हणून राहते. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद होतो आणि निवाडा त्यांच्या शिष्यांच्या नाचावर ठरतो. मालविका नाचते. म्हणजे विदर्भाची मुलगी आजच्या मध्य प्रदेशात जाऊन नाचली! सावरगावच्या मुलीला ही कथा परकी कशी वाटावी? आणि दमयंती तरी कोण? नळराजाची राणी, विदर्भराज भीमाची कन्या. मुंबईत जन्मलेल्या जोशींच्या मुलीला हे नाव देताना घरच्यांच्या मनात असले काही नसेलही, पण मी ते आमच्या खात्यावर जमा करून टाकले आहे.

मी गेल्या वर्षीपासून कथक शिकते आहे. एकोणिसाव्या वर्षी सुरुवात करणे म्हणजे उशीर, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले. बाबांना कळवले तेव्हा ते फोनवर बराच वेळ गप्प राहिले आणि मग फीचे विचारले. दिवाळीत गावी गेले तेव्हा आत्याने कपाटातून एक फडके काढले. आत घुंगरू होते, खैरागडचे. दोरी कुजली होती, पितळ काळे पडले होते. आम्ही दोघींनी चिंचेने ते घासले, मोजले आणि नव्या सुती दोरीत प्रत्येकाला गाठ मारून ओवले. एका पायाचे पंचाहत्तर भरले, दुसऱ्याचे बहात्तर. हरवलेले तीन कुठे गेले ते आत्याला आठवेना.

संध्याकाळी ओसरीवर ते बांधून मी तीच पाच मात्रांची तिहाई केली. आत्या टाळी देत होती. मी शेवटचा बोल एक मात्रा आधीच टाकला.

"काहून घाई करून राहिली?" आत्या म्हणाली. "पाय आपटू नोको, ठेव. चाल, पुन्हा. तिसरीवरून."